आमच्या स्टाफरूममधली 'मिस्टेक'

शाळेतले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. वह्या तपासताना एक ऐकू येतो, डबा खाताना दुसरा, आणि बघता बघता नोकरी संपत येते. नगर जिल्ह्यातल्या बेलापूरजवळच्या आमच्या हायस्कूलमध्ये मी एकवीस वर्षं इंग्रजी शिकवतेय. एवढ्या वर्षांत गावानं मनापासून उचललेला शब्द एकच. मिस्टेक!

*

आमचे शिपाई बबनराव. एकदा त्यांनी शेवटची घंटा तासभर आधीच दिली. पाच मिनिटांत शाळा रिकामी! मुख्याध्यापक काळे सर धावत बाहेर आले.

"बबनराव, केवढी ही चूक!"

"चूक न्हाई सर, मिष्टिक हाय."

"फरक काय?"

"चूक मानूस करतो. मिष्टिक आपली आपन व्हती!"

*

आठवीच्या पेपरात मी 'मिस्टेकन'चा अर्थ विचारला. एका मुलीनं लिहिलं, 'आठवण घेतली'. बोलावून विचारलं, हे कुठून काढलंस?

"मॅडम, मिस म्हंजी आठवण. टेकन म्हंजी घेतली."

मोबाईलवर रोज 'मिस यू' वाचणाऱ्या पोरीला काय सांगणार! अर्धा मार्क दिला.

*

पालकसभेत एका वडिलांना मी म्हटलं, "तुमचा गणेश इंग्रजीत पहिला!" ते बाहेर गेले, तेव्हा लक्षात आलं, पहिला आलेला गणेश दुसराच. मी मागे धावले. "सॉरी, माझी मिस्टेक झाली."

ते शांतपणे म्हणाले, "आता ऱ्हाऊ द्या, मॅडम. त्याच्या आईला फोन करून झालाय."

*

नव्या गणिताच्या मॅडम नगर शहरातल्या. मस्टरवर भलत्याच रकान्यात सही केली आणि चूक मान्य करत हसून म्हणाल्या, "माय बॅड, सर!"

काळे सरांनी काळजीनं पाहिलं. "बरं वाटत नसेल तर हाफ डे घ्या."

त्यांनी घेतला!

*

काळे सरांची मिस्टेक मात्र माझ्यासमोर झाली.

दहावीची सराव परीक्षा होती. विज्ञानाच्या पेपरात अश्विनीची आणि तिच्या बाकावरच्या शेजारणीची उत्तरं शब्दाला शब्द सारखी निघाली. अश्विनीनंच बघून लिहिलं असं धरून सरांनी माझा इंग्रजीचा पेपर सुरू होताच तिला उठवलं. "कॉपी करणाऱ्यांना या शाळेत जागा नाही!" मी प्रश्नपत्रिका वाटत राहिले. दप्तर उचलून ती सायकलवर घरी गेली आणि पुन्हा आलीच नाही.

चौथ्या दिवशी शेजारणीनं रडत कबूल केलं, "मीच तिचं बघून लिहिलं."

सर मला म्हणाले, "चला."

अश्विनीच्या वस्तीवर पोचलो तेव्हा ती ओट्यावर कांदे निवडत होती. वडिलांनी खाट टाकली. सर बसले नाहीत.

"अश्विनी, मिस्टेक झाली माझी. उद्यापासून शाळेत ये."

"झालं गेलं, सर," वडील म्हणाले. "पोरी, चहा टाक."

ती हात धुऊन आत गेली. बाहेर आली ती पॅड, पेन आणि वहीतली फाडलेली कोरी पानं घेऊन.

"चहा आई करतीय. माझा इंग्लिशचा पेपर ऱ्हायलाय, सर."

तपासायच्या गठ्ठ्याबरोबर प्रश्नपत्रिका माझ्या पिशवीतच होती. मी सरांकडे पाहिलं. सरांनी घड्याळ पाहिलं.

"अकरा वाजलेत. दोनपर्यंत वेळ."

ती ओट्यावर लिहायला बसली. सर समोर उभे राहिले. चहा आला, गार झाला. वडील कुंपणाशी जाऊन कुत्र्याला गप्प करत राहिले.

दोनला दहा मिनिटं असताना अश्विनीनं मान वर न करता हात वर केला.

"सर, पुरवणी."