लाल दोऱ्याची पऱ्हाटी

कपाशीचं कोणतं फूल उद्या उमलणार, हे आदल्या दिवशी संध्याकाळीच कळतं. कळी लांब होते, पिवळं टोक बाहेर काढते आणि तरीही मिटून राहते. आजही एखाद्या शेताच्या कडेनं जाताना अशी कळी दिसली की माझा हात आपोआप कमरेशी जातो. तिथे तीन हंगाम लाल दोऱ्याचं रीळ खोचलेलं असायचं. आता तिथे घराच्या किल्ल्या असतात.

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली. माझं माहेर गंगाखेडचं. वडील शेती करून गल्लीतल्या पोरांना शिकवायचे, त्यांच्यात मलाही बसवलं. लिहायला, वाचायला, मोजायला शिकवलं आणि पंधराव्या वर्षी पेडगावला अशा घरी दिलं, जिथे पंचांगाखेरीज वाचायला काही नव्हतं. नवरा भला माणूस, बैलांत रमणारा. या गोष्टीत त्याचा फारसा भाग नाही. भाग आहे तो माझ्या सासऱ्यांचा, त्यांना मी मामाजी म्हणायची, आणि सासूबाईंचा, त्यांना आत्याबाई.

आणि कापूससाहेबांचा. हे नाव गावानं ठेवलेलं. ते परभणीच्या सरकारी शेतावर नोकरीला होते, आणि एका पावसाळ्याच्या शेवटी सायकल ढकलत आमच्या शेतात आले. सरकारी माणूस दिसला की तूप लपवायचं, कोंबड्या कोंडायच्या, ही आमची रीत. आत्याबाईंनी तसं केलंही. पण हा माणूस काही मागेचना. चपला बांधावर काढून तो कपाशीत शिरला आणि उन्हं उतरेपर्यंत एकेका झाडाशी वाकून बघत राहिला. पऱ्हाटीला पोरगी बघायला आल्यासारखा बघायलाय, असं गडी म्हणाले.

मामाजींना त्यांनी सांगितलं, की तुमच्या वावरात गावरान कपाशीचे पाच-सहा प्रकार मिसळलेले आहेत. त्यातली चांगली झाडं निवडून त्यांचं बी वेगळं वाढवलं, तर काही वर्षांत सगळ्या वावराचा कापूस लांब तंतूचा होईल. रोज संध्याकाळी झाडांची नोंद करणारं कुणी तरी हवं होतं. गावात लिहिता येणारे पुरुष दोन-तीनच, आणि त्यातला एकही संध्याकाळी चिखलात उभा राहिला नसता. मामाजी जरा घुटमळले. आत्याबाईच म्हणाल्या, "सून शेतात जातीच हाय. वाकून खुरपती, तसं वाकून लिवंल. काय झिजायचंय तिचं?"

अशी ती वही माझ्या हातात आली. काम साधं होतं, पण चुकायला जागा नव्हती. निवडलेल्या झाडाची उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी दोऱ्यानं बांधायची, म्हणजे भुंगा-माशी आत जाऊन दुसऱ्या झाडाचा पराग आणून टाकणार नाही. बांधलेल्या कळीच्या देठाला लाल दोरा. त्या देठावरचं बोंड फुटलं की ते वेगळं वेचायचं. मग एकेका सरकीवरचा कापूस मधोमध भांग पाडून छोट्या कंगव्यानं दोन्हीकडे विंचरायचा, काळ्या फळीवर ठेवायचा आणि तंतूची लांबी पट्टीवरच्या रेघांनी मोजायची. आत्याबाई हसायच्या. "आमच्या सूनबाई सरकीची येणीफणी करायल्यात," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. पण तेव्हा माझ्या वाट्याचं दळण त्या स्वतः ओढायच्या, हेही सांगितलं पाहिजे.

पहिल्या हंगामात साहेब आठवड्यातून एकदा येत आणि मी मोजलेलं सगळं पुन्हा मोजत. मला राग यायचा. एकवीस रेघा लिहिल्यात तर एकवीसच असणार, त्यात काय बघायचंय? पण ते न बोलता कंगवा काढत, विंचरत, मोजत आणि वहीत माझ्या आकड्यापुढे एक टिंब देत. टिंब म्हणजे बरोबर.

दुसऱ्या हंगामात, एका दुपारी, त्यांनी वही उघडली, आकडे वाचले आणि तशीच मिटली. कंगवा काढलाच नाही. मी पदराआडून बघत होते. "मोजायचं न्हाई का, साहेब?" असं विचारलं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही मोजलंय ना."

एवढंच. पण मला त्या रात्री भाकरी गोड लागली. त्या घरात माझ्या हातचं मीठसुद्धा आत्याबाई चाखून बघत. माझी एक गोष्ट कुणी न चाखता घेतली, असं पहिल्यांदाच घडलं होतं. माणूस काय काय विसरतो, पण असलं काही विसरत नाही.

त्याच हंगामात मला ते झाड सापडलं. बांधाकडच्या ओळीत, बाभळीच्या सावलीत अर्धं दबलेलं, कुणी ढुंकून पाहणार नाही असं. बोंडं लहान, पण त्याच्या सरकीवरचा कापूस विंचरला तर पट्टीवर चोवीस रेघा भरला. मी तीनदा मोजलं आणि लिहिलं चोवीस. साहेबांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि टिंब न देता म्हणाले, "या झाडाला दोन दोरे बांधा." तिसऱ्या हंगामात त्याच्याच सरकीची एक अख्खी ओळ उभी राहिली. सगळी ओळ चोविसाच्या आसपास. मी तिला माझी ओळ म्हणायची, मनातल्या मनात.

भाकरीच्या सुट्टीत कधी कधी साहेब बांधावर बसून बोलत. एकदा म्हणाले, की आपण इथे तीन सालात जे करतोय तेच जगात आपोआप लाखो वर्षं चाललंय. झाडं, गुरं, पाखरं, सगळी अशीच हळूहळू बदलत आली. आत्याबाईंनी तोंडातला घास गिळून विचारलं, "हितं तुमी निवडायलाव. तितं निवडणारा कोण?"

"दुष्काळ, रोगराई, थंडी. जो तगला त्याचं बी पुढं गेलं."

"म्हंजे देवच की," आत्याबाई म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या. साहेबांनी वाद घातला नाही. मी विचारलं, "माणूसबी असाच का?" ते म्हणाले, "माणूससुद्धा." मला त्यात धक्का बसण्यासारखं काही वाटलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर एक ओळ बदलली होती, तिचे आकडे माझ्या अक्षरात होते.

तिसऱ्या हंगामाची पहिली वेचणी झाली, तेव्हा मामाजींच्याच मनात आलं, की पुढच्या साली हे बी साऱ्या गावानं पेरावं. त्यांनी एका शनिवारी सकाळी मारुतीच्या पारावर मंडळींना बोलावलं. साहेब सरकीची पाकिटं आणि कापसाचे नमुने घेऊन आले. आम्ही बायका देवळाच्या भिंतीशी बसलो. लोकांनी कापूस ओढून पाहिला, बोटांत घोळवला, माना डोलावल्या. काम झाल्यातच जमा होतं.

तेवढ्यात गावातले एक वृद्ध, ज्यांना विचारल्याशिवाय कुणी पेरणीची तिफण बाहेर काढत नसे, म्हणाले, "निवडीनं कापूस बदलतो, पटलं. मंग माणूस कशातनं बदलत आला, तेबी सांगा. तुमी शेतात सांगता म्हणं." आत्याबाईंनी खाली पाहिलं. विहिरीवर त्यांनी कधी तरी सांगितलं असणार.

साहेबांना विचारलेल्या प्रश्नाला बगल देता येत नसे. ते सरळ म्हणाले, "माणूस आणि माकड मूळचे एकाच घरातले. फार पूर्वी वाटण्या झाल्या. ते तिकडं गेले, आपण इकडं आलो."

वृद्धांनी मागे वळून शेंदराच्या मूर्तीला हात जोडले. "साहेब, वानराची आमाला लाज न्हाई. वानर म्हंजे मारुतिरायाचं कूळ. पर मारुतिराया बालब्रह्मचारी. मंग तुमी आमाला कुणाची लेकरं म्हणायलाव?"

आता इथे काय घडलं ते मला भिंतीशी बसून लख्ख दिसत होतं, आणि साहेबांना दिसत नव्हतं. त्यांना वाटलं, लोकांना माकडाचं नातं कमीपणाचं वाटतं. म्हणून ते समजवायला लागले, की त्यात कमीपणा कसला, माकडीण पिल्लाला किती जपते, नर कळपाला कसा राखतो, त्यांचाही संसार असतो. ते जितकं माकडाचं भलं बोलत होते, तितका मारुतीला संसार चिकटत होता. पोरं हसली, म्हातारे उठून उभे राहिले. शनिवारी, देवासमोर, देवाच्या ब्रह्मचर्यावर बोट ठेवलं, असा अर्थ झाला होता.

एक वाक्य पुरलं असतं. मारुतीनं लग्न केलं नाही, पण त्याच्या पणज्याच्या पणज्यानं केलं होतं, आपण तिथून फुटलेलो. एवढंच. सगळे हसले असते आणि बी वाटून झालं असतं. ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं.

आणि मला ते बोलायची संधीही मिळाली, हेच तर सलतं. मामाजी कोंडीत सापडले होते. त्यांनी कधी केलं नव्हतं ते केलं. साऱ्या गावासमोर भिंतीकडे वळून मला विचारलं, "तीन सालापासनं तू ह्यांची वही लिवायलीस. तूच सांग, ह्यो माणूस खरं बोलायलाय का?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी पदर ओढला आणि म्हणाले, "मला काय कळतंय, मामाजी."

आमच्याकडे सुनेजवळ हे उत्तर कायम तयार असायचं. भाजीत मीठ किती घालू, असं विचारलं तरी आधी हेच म्हणायचं आणि मग मीठ घालायचं. हा नकार नसतो, ती फक्त रीत असते. दुसऱ्यांदा विचारलं की मग खरं बोलायचं. पण मामाजींनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. आणि साहेबांना ती रीत ठाऊक नव्हती. ते माझ्याकडे पाहत होते. चिडले नव्हते. एखादा आकडा चुकीचा निघाला तर पाहतील तसे पाहत होते.

संध्याकाळपर्यंत गावाचं ठरलं, की हे बी कुणी पेरायचं नाही, कुणाला द्यायचंही नाही. मामाजी घरी आल्यावर म्हणाले, "कापसाचं त्याचं खरं हाय, आपण डोळ्यानं बगितलं. पर जे बगितलं न्हाई त्यातबी तो इतक्याच ठामपणानं बोलतो. मंग इस्वास कुठवर ठेवायचा?" त्यांचं अगदीच चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. जिनं पाहिलं होतं, तिला त्यांनी विचारलं होतं.

सोमवारी साहेब शेवटचे आले. मामाजींनी हात जोडून सांगितलं, की गावाच्या विरुद्ध जाता येत नाही, लाल दोऱ्याचं बी यंदा देता येणार नाही. त्यांनी मान हलवली. ओसरीवर मी मोजलेल्या नमुन्यांची पाकिटं होती, तेवढी तरी न्या, असं मामाजी म्हणाले. साहेब बसले. वही उघडली. मग खिशातून कंगवा काढला.

सालभर न काढलेला कंगवा. पहिल्या पाकिटातली सरकी घेतली, भांग पाडला, विंचरली, फळीवर ठेवली, मोजली. आकड्यापुढे टिंब दिलं. दुसरी घेतली. मी दाराशी उभी होते. चुलीवर दूध उतू गेलं तरी मी हलले नाही. सगळी पाकिटं होईपर्यंत दुपार झाली. एकही आकडा चुकला नव्हता. माझ्या ओळीचे चोवीसही चोवीसच निघाले. त्यांनी पाकिटं आणि वही पिशवीत ठेवली, "बरोबर आहेत," म्हणाले आणि सायकल ढकलत बांधापर्यंत पायीच गेले.

लाल दोऱ्याच्या झाडांवर उरलेला कापूस आत्याबाईंनी मारुतीच्या वातींसाठी वेगळा काढायला लावला, झाल्या गोष्टीचं प्रायश्चित्त म्हणून. वाती करायच्या म्हणजे हातानं सरकी काढावी लागते. ती मीच काढली, एकेक. सरकी म्हशीपुढे टाकली. देवळात त्या वाती महिनाभर छान जळाल्या, लांब तंतूच्या होत्या ना.

पुढे सालभरात सगळीकडे जाळपोळ, लुटालूट झाली. आम्ही जीव मुठीत धरून काही महिने निजामाच्या हद्दीपलीकडे पाहुण्यांकडे काढले. परत आलो तेव्हा राज्य बदललं होतं. मी एकदा नवऱ्याला गळ घालून परभणीच्या शेतावर गेले. तिथे नवी माणसं होती. ते साहेब कुठे बदलून गेले, कुणाला सांगता येईना. ती पाकिटं पेरली का, हे कुणाला विचारावं तेही कळेना. मी उभ्या कपाशीतून एक फेरी मारली, बांधाकडच्या ओळी बघितल्या आणि परत आले.

इतकी वर्षं झाली, मला त्यांची आठवण येते. त्यांचा चेहरा आता नीट आठवत नाही, पण वही न तपासता मिटली तो आवाज आठवतो. पुष्कळ दिवस मला वाटायचं, ते रागावून पुन्हा मोजायला बसले. तसं नव्हतं, हे फार उशिरा उमगलं. त्या घरात, त्या गावात माझ्या शब्दावर विश्वास ठेवणारा तो एकच माणूस होता. मी चोवीस म्हटलं तर त्यानं चोवीस मानलं. म्हणून मला काय कळतंय म्हटलं, तेही त्यानं खरंच मानलं.