टिटवीचा डावा गुडघा

टिटवी पेनल्टी मारायला उभी राहिली की आधी गोलकीपरशी बोलायची. चेंडू ठेवायचा, मागे यायचं, कमरेवर हात ठेवून हसायचं आणि म्हणायचं, "ताई, तुझ्या उजवीला जा. मी तिकडेच मारणार." समोरची बिचारी गोंधळायची. ही सांगतेय म्हणजे नक्की डावीला मारणार, असा हिशेब करून डावीकडे झेप घ्यायची. टिटवी बोलल्याप्रमाणे उजवीलाच मारायची. एकदा एका गोलकीपरने रडत पंचांकडे तक्रार केली, की ही मुलगी फसवते. पंचांनी विचारलं, "काय फसवलं?" ती म्हणाली, "खरं सांगितलं."

मी टिटवीला एकदा म्हटलं, "एखादीने विश्वास ठेवला तर?"

"मग अडवेल, सर. तेवढा हक्क आहे तिचा."

हजेरीतलं तिचं नाव वेगळं आहे, ते इथे लिहीत नाही. टिटवी हे नाव संघातल्या मुलींनी ठेवलं. बांधावर टिटवी कशी तुरुतुरु पळते, थबकते, मान वर करून बघते आणि पुन्हा पळते, तशी ही चेंडू घेऊन पळायची. शिवाय तोंड. मैदानात पाऊल टाकल्यापासून ते बाहेर पडेपर्यंत तिचा आवाज थांबत नसे. कोणी मागे सरकायचं, कोणी पुढे जायचं, कोणाच्या बुटाची नाडी सुटली आहे, सगळं ओरडून सांगायची. कडेला उभ्या असलेल्या कुल्फीवाल्यालाही सोडायची नाही. "काका, गाडी मागे घ्या, चेंडू तिकडे येतोय." आणि चेंडू तिकडे यायचा.

मी डहाणूच्या एका कॉलेजात खेळशिक्षक आहे. मला बोलणं फारसं जमत नाही. शिट्टी वाजवायची नोकरी मिळाली म्हणून निभावलं. टिटवी माझी नक्कल करायची. सरांचं कौतुक म्हणजे 'हं', आणि फारच खूश झाले तर शिट्टी खिशात ठेवून 'हं'. मुली खोखो हसायच्या आणि मी पाठ फिरवून हसायचो. अशा माणसाने हे लिहायला घेतलं, कारण टिटवीची गोष्ट सांगायची तर त्यात माझी एक गोष्ट येते. ती मी आजवर कॉलेजात कुणाला सांगितलेली नाही.

आमच्याकडे समुद्राकडची बंदरपट्टी आणि डोंगराकडची जंगलपट्टी. टिटवी जंगलपट्टीतली, तलासरीच्या पूर्वेला उतारावर तिचा पाडा. भात कापून झालं की पोरं रिकाम्या खाचरांत खेळतात. खाचरं पायऱ्यांसारखी, एकाखाली एक. चेंडू बांधावरून गेला की थेट ओहोळात. नियम असा, की ज्याने घालवला त्याने आणायचा. "मी पहिल्यापासून आळशी, सर," ती सांगायची. "खाली उतरायचा कंटाळा. म्हणून चेंडू पायाजवळ ठेवायला शिकले." ती उंच फटका कधी मारायचीच नाही. मी कितीदा सांगितलं, लांबून मार, वरून घाल. ती मान हलवायची आणि जमिनीसरपटीच खेळायची. तिच्या मनात बहुधा तो ओहोळ होता.

डहाणूत ती मुलींच्या वसतिगृहात राहायची. शनिवारी जीपने घरी, सोमवारी परत. येताना नाचणीच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. सराव सुरू होण्याआधी सगळ्या मुलींना, मलाही, एकेक तुकडा खावा लागे. "उपाशी माणसाने दुसऱ्याला पळायला लावलं की पाप लागतं," असं तिने मला ऐकवलं होतं. हे तिच्या आईचं की तिने तिथल्या तिथे रचलेलं, मला अजून कळलेलं नाही.

ती दुसऱ्या वर्षाला असताना डहाणूला जिल्ह्याची स्पर्धा झाली. त्यातल्या आमच्या सामन्याला दक्षिणेतल्या एका क्लबच्या प्रशिक्षक आल्या होत्या. मूळच्या गोव्याच्या, मराठी चांगलं बोलायच्या. सगळे त्यांना मॅडमच म्हणत. त्यांचा संघ व्यावसायिक, मुलींना पगार देणारा. मध्यंतरात त्या सुरूच्या झाडाखाली माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"तुमची ती बडबडी मुलगी मला हवी आहे. राहणं, खाणं, पगार, सगळं क्लब बघेल."

"दुसरं वर्ष चालू आहे तिचं," मी म्हटलं.

"तिसऱ्या वर्षानंतर शंभर जणी रांगेत असतील, सर. आत्ता आली तर मी तिला घडवीन."

मी म्हणालो, "मुलगी गुणी आहे. पण गुडघा कच्चा आहे तिचा."

तिच्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. साधं खरचटलंही नव्हतं.

नंतर मी स्वतःला बरीच कारणं दिली. आधी डिग्री व्हावी. पोलीस भरतीत खेळाडूंसाठी जागा असतात. त्या पाड्यातून एक मुलगी खाकी घालून आली तर मागच्या दहा जणींना रस्ता दिसेल. क्लबांचं काय, आज आहेत, उद्या नाहीत. यातलं एकही कारण खोटं नव्हतं. पण त्या झाडाखाली यातलं एकही माझ्या मनात नव्हतं. मनात पुढच्या वर्षीची विद्यापीठाची स्पर्धा होती. माझ्या नोकरीत आमचा संघ कधी पहिल्या फेरीच्या पुढे गेला नव्हता. टिटवी असती तर गेला असता. एवढ्यासाठी मी तिच्या धडधाकट पायाला दुखणं लावलं.

मॅडम मात्र चिवट निघाल्या. आठवड्याने एका सकाळी सरावाला न सांगता आल्या, आणि सगळ्यांसमोर टिटवीपुढे उकिडवं बसून म्हणाल्या, "बघू, कुठला गुडघा दुखतो तुझा?"

टिटवीने मॅडमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हातातल्या शिट्टीकडे पाहत होतो. आलेला पास पायाखाली घ्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात तिला सगळं समजलं असावं.

"डावा, मॅडम," ती म्हणाली. "दुखायचा. आता बरा आहे."

माझ्या माहितीत ती तेवढं एकदाच खोटं बोलली. मग तासभर अशी पळाली, की मॅडम हसून म्हणाल्या, "फारच बरा झालाय. घरच्यांशी बोलते मी."

त्या गेल्यावर मी मैदानावरचे शंकू गोळा करत रेंगाळलो. आता ती येईल आणि विचारेल, असं वाटत होतं. ती आली, माझ्यासमोर डाव्या पायाने दोन पावलं लंगडली आणि हसत मुलींमध्ये पळून गेली. त्यानंतर मी कधी रागावलो की ती लंगडायची. मुलींना वाटायचं, हा हिचा नवा चाळा. तिने मला का म्हणून एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरली तेव्हा टिटवीने निरोप आणला, "बा भेटायला बोलवतोय. जत्रेत." गेलो. दुकानांच्या मागे एका आंब्याखाली तिघं बसली होती. तिचे वडील सडपातळ, कमी बोलणारे. पावसाळ्यात भात आणि नाचणी, एरवी गुजरात हद्दीतल्या कारखान्यात मिळेल ते काम. आईने हंगामात घोलवडच्या वाड्यांमध्ये चिकू काढलेले. तिने कागदावरची भजी माझ्याकडे सरकवली.

"सर, आम्ही शिकलेले नाय," वडील म्हणाले. "ती म्हणते जायचं. तुम्ही सांगाल तसं करू."

तेव्हा तरी मी नीट बोलायला हवं होतं. पण मी माझं ठेवणीतलं काढलं. आमचीही घोलवडला छोटी वाडी आहे. मी म्हटलं, "चिकू वेळेआधी काढला की पिकत नाही, चिवट होऊन बसतो. हे तुम्हाला मी काय सांगणार. एक वर्ष थांबू दे तिला."

आईने मान डोलावली. टिटवी शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "सर, चिकूला कोण विचारतं का, तुला कधी उतरायचंय? मला तर विचारा."

"सरांशी असं बोलतात का गं?" आई म्हणाली.

"रोजच बोलते. त्यांना सवय आहे." मग ती आईकडे वळली. "डिग्री सोडत नाय मी. परीक्षा बाहेरून देता येते. कॉलेज काय पळून जातंय? पाय मात्र पळून जातील. सरांचे बघ ना, पन्नाशीत काय झालेत."

आई पदराआड हसली. मीही हसलो. वडील हसले नाहीत.

"पायाचंच म्हणतो मी," ते म्हणाले. "त्या मॅडम घरी आल्या होत्या. गुडघा आता कसा आहे, विचारत होत्या. आम्हाला ठाऊकच नाय. पाय गेला तर तुझा खेळ गेला, आणि शेतात उभं राहणं पण गेलं. दुखऱ्या पायाची पोर मी एवढ्या लांब नाय पाठवणार. बाकी कसलं भय नाय मला."

"बा, नाय दुखत."

"तूच सांगितलंस त्यांना. दुखायचा म्हणून."

टिटवी गप्प झाली. तिला गप्प बसलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. दुखत नव्हता म्हणावं, तर मग तसं का सांगितलं, हा प्रश्न येणार. आणि त्याचं उत्तर द्यायचं तर माझं नाव घ्यावं लागणार. ती शेंगा सोलत राहिली. सोललेले दाणे खातही नव्हती. माझ्या लक्षात आलं, ही जाणं सोडेल, पण बापासमोर मला उघडं पाडणार नाही.

"तिच्या गुडघ्याला काही नाही," मी म्हटलं. "कधीच नव्हतं. ते मी सांगितलं मॅडमना. खोटं सांगितलं. ही गेली असती तर माझा संघ हरला असता, म्हणून. हिने मला सांभाळून घेतलं."

भोंग्यावर कुणाचं तरी मूल हरवल्याची सूचना चालू होती. वडील ती संपेपर्यंत थांबले. मग काडीने माती उकरत म्हणाले, "म्हणजे पाय चांगला आहे."

"चांगला आहे."

"मग जाऊ दे तिला." आतापर्यंत मला सर म्हणत होते. या वेळी म्हणाले, "पण सोडायला तुम्ही जायचं, मास्तर. मी लांबच्या गाडीत कधी बसलो नाय. आणि आता मला सांगितलंत ना, तसंच त्या मॅडमला तोंडाने सांगायचं."

मी होय म्हटलं. आई म्हणाली, "भजी खा. गार झाली."

दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाली आणि आम्ही वापीहून दक्षिणेकडची गाडी पकडली. रात्र होईपर्यंत टिटवीने अख्ख्या डब्याची ओळख करून घेतली. सुरतेच्या एका आजीबाईंशी तिचं गुजराती आणि त्यांचं मराठी असं काहीतरी मस्त जमलं होतं. मी खिडकीशी बसून मॅडमना काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होतो. ओठ हलत असावेत. ती शेजारी येऊन बसली. "सर, पाठ नका करू. मारायच्या आधी फार विचार केला की चेंडू बाहेर जातो."

क्लबात मॅडमनी माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "गुडघा, पाठ, दमा, लग्न ठरलंय. मुलगी सोडायची नसली की शिक्षक मला काय काय सांगतात. इतक्या लांब येऊन शब्द परत घेणारे तुम्ही पहिलेच. चहा घ्या." मी चहा घेतला.

निघताना टिटवी फाटकापर्यंत आली. मला वाटलं होतं, रडेल. ती म्हणाली, "माझ्या जागी कोणाला लावणार?"

"बघतो."

"बघू नका. धाकटी डहाणू गावच्या सुप्रियाला लावा. आजवर बाकावरच बसवलंत तिला. ती शिव्या खाल्ल्या की चांगली खेळते. आणि तुम्हाला शिव्या येत नाहीत, तेव्हा कॅप्टनला सांगा द्यायला."

मी सुप्रियाला लावलं. विद्यापीठाच्या स्पर्धेत आम्ही नेहमीप्रमाणे पहिल्याच फेरीत हरलो. मुली रडल्या. मला वाटलं होतं तेवढं वाईट मला वाटलं नाही. सुप्रियाने एक गोल केला. यंदा ती कॅप्टन आहे, आणि टिटवीच्या पाड्यातल्या दोन मुलींनी प्रवेश घेतला आहे. त्याही चेंडू जमिनीवरून वर उचलत नाहीत. मी आता सांगायचं सोडलं आहे.

टिटवीचे तिसऱ्या वर्षाचे पेपर बाहेरून चालू आहेत. एक राहिलाय, तो देईल. क्लबात अजून ती पूर्ण सामना खेळत नाही. शेवटच्या टप्प्यात उतरवतात. सामना मोबाइलवर दिसतो. पाड्यावर मात्र रेंज नाही. त्यामुळे सामना असला की तिचे वडील संध्याकाळी चालत डांबरी रस्त्यापर्यंत येतात आणि मला फोन करतात. जिंकले का, गोल कोणी केला, हे ते विचारत नाहीत. मला ते अजून मास्तरच म्हणतात.

"मास्तर, पडली का पोर?"

बहुतेक वेळा नाही म्हणायला मिळतं. मागच्या सामन्यात एका धिप्पाड मुलीने तिला मागून जोरात पाडलं. गुडघा धरून ती गवतावर पडून राहिली, डॉक्टर आत धावले. मी स्वयंपाकघरात उभा राहून बघत होतो. सामना संपल्यावर थोड्या वेळाने फोन वाजला.

"पडली," मी म्हटलं. "जोरात पडली. गुडघ्यावर."

पलीकडे रस्त्यावरून एक ट्रक गेल्याचा आवाज आला.

"उठली का?"

"उठली. शेवटपर्यंत खेळली. पाय थोडा ओढत होती, पण खेळली."

"बरं," ते म्हणाले. "मग आता उजेड आहे तोवर घरी जातो."