आमच्या रानातलं त्यांचं तळं

"पाटी छातीवर धर. आणि हस की लेका, सरकार पाणी देतंय तुला."

हे आबा बोलले. गावातले सगळ्यात मोठे ऊसवाले. शेतीखात्याचे साहेब मोबाइल रोखून उभे होते. पाटीवर खडूनं माझं नाव, खाली 'लाभार्थी'. पोलीस चोराचा फोटो काढतात तसा माझा काढला. फरक एवढाच की चोराला हसायला सांगत नाहीत. मी हसलो.

मग चहा आला. साहेबांना कपबशी, जेसीबीवाल्याला कपबशी, मला कागदी कप. आपल्या गावात जातपात राहिलेली नाही, असं आबा भाषणात सांगतात. कागदी कप निघाल्यापासून ते खरंही वाटतं.

योजना जलसंधारणाची, शेततळ्याची. मागासवर्गीयांना अनुदान जास्त. आम्ही बौद्ध, आणि आमचा माळाचा तुकडा आबांच्या उसाला लागून. मंजुरी आबांनीच आणली. म्हणाले, "तळं तुझ्या रानात, नाव तुझं. पाणी दोघांचं." मी गारगोटीला एका वाचनालयात कामाला आहे. जगातल्या सगळ्या क्रांत्या रोज माझ्या हातानं कपाटात जातात. मी मान डोलावली.

पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं. दिवाळीनंतर आबांनी त्याला तारेचं कुंपण घातलं, फाटकाला कुलूप लावलं, मोटर बसवली. पाइप आमच्या बांधावरून सरळ त्यांच्या उसात. चावी त्यांच्या पुतण्याकडं.

उन्हाळ्यात आईची मिरची करपायला लागली. ती तारेखालून आत शिरली, काठावर बसून घागर बुडवली. पुतण्यानं तिला तिथंच गाठलं. हातात पाइपचा तुकडा होता. आधी पाठीवर मारलं, मग मांडीवर. तिनं हात आडवा घातला, तर त्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज तिला ऐकू आला, असं ती सांगते. मारताना तो म्हणत होता, "फोटो काढला म्हंजे तळं तुझं झालं व्हय गं?"

आई त्याच्या आईच्या वयाची.

तिचा हात प्लास्टरमध्ये घालून आणला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तळ्यावर गेलो. आबा काठावर खुर्ची टाकून बसले होते. मोटर चालू होती.

"आबा, तळं आमच्या रानात हाय."

आबांनी माझ्याकडं बघितलंच नाही. पुतण्याला म्हणाले, "त्याला त्याचं पाणी दाव."

पुतण्या आणि त्याच्याबरोबरच्या गड्यानं मला केसांना धरून खाली ओढलं. शेततळ्यात अंथरलेलं प्लास्टिक निसरडं असतं, त्यावर पाय ठरत नाही. तोंड पाण्यात दाबलं. वर काढलं. परत दाबलं. "पी. तुझंच हाय न्हवं? पी की." योजनेचा लाभ मला पहिल्यांदा मिळाला तो नाकातून. डोळ्यांपुढं हिरवं झालं, मग काळं.

तेव्हा आबांचा आवाज आला. "बास. मेला तर लाभार्थी कुठनं आणायचा?"

दोघं हसले. मी काठावर पडून पाणी ओकत होतो आणि ते वाक्य डोक्यात फिरत होतं. एवढी पुस्तकं वाचली, पण इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या नावाशिवाय त्यांचा ऊस कोरडा होता. मी त्यांच्या दयेवर नव्हतो. ते माझ्यावर होते.

घरी गेलो. कुऱ्हाड घेतली. भर दुपारी परत आलो.

पहिला घाव पाइपवर. पाणी माणसाच्या उंचीएवढं उसळलं. पुतण्या धावत आला, हातात तोच तुकडा. त्याचा फटका माझ्या कानावर बसला, अजून त्या कानानं नीट ऐकू येत नाही. मी कुऱ्हाड उलटी करून दांडा त्याच्या तोंडावर घातला. तो बसला. रक्त आणि एक दात थुंकला. मग मी फाटकाचं कुलूप फोडलं. आबा खुर्चीतून उठले होते. मला वाटतं, माझ्यासमोर ते पहिल्यांदाच उभे राहिले.

केस त्यांच्यावर झाली, माझ्यावरही झाली. मग मिटवायला पंच घरी आले. दोन्हीकडनं केस मागं घ्यायची. आठवड्यातनं एक दिवस आबा आम्हाला पाणी देतील.

आई दारात बसली होती, हात गळ्यात बांधलेला. "कुणाच्या तळ्यातलं?" तिनं विचारलं.

"वैनी, मोठा माणूस हाय. जरा समजून घ्या की."

"तेच इचारतीय मी. कुणाच्या तळ्यातलं?"

पंचांनी माझ्याकडं बघितलं. शिकलेला माणूस मवाळ असतो, असा गावाचा अनुभव आहे.

मी त्यांना जे सांगितलं तेच इथं लिहितो. केस मागं घेणार नाही. माझ्यावरची चालू दे, मी मारलं आहे, कोर्टातही तेच सांगेन. पण आमच्या बांधावरून त्यांचा पाइप परत आला तर तो मी तोडीन. दिवसा तोडीन, सगळ्यांदेखत तोडीन. आणि मधे जो येईल, त्यानं त्या वेळीही मी कुऱ्हाड उलटी धरीन असं गृहीत धरू नये.