अकरा घरांना पाठवलेला मेसेज

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्ही माझे कुणी लागत नाही – म्हणूनच कदाचित जीभ उचलतेय.

काशीदला आमच्या दोन खोल्या आहेत, पर्यटकांना देतो. शेजारच्या सुनंदाच्या तीन. मध्यंतरी माझ्या नवऱ्याला टीबी झाला. औषधं घेऊन तो ठणठणीत बरा झाला, पण सुनंदा आमच्या फाटकाशी थांबलेल्या गाड्यांना सांगतच राहिली, "पोरं हायत ना बरोबर? मग बघा बाई, त्या घरात आजारी माणूस हाय." दोन हंगाम माझ्या खोल्या रिकाम्या गेल्या. असं कुणी विसरतं का? मी तरी नाही विसरले.

गेल्या डिसेंबरात, एका शनिवारी सकाळी, फोनवर मेसेज आला. टीव्हीवर सिनेमे-मालिका बघायचं सबस्क्रिप्शन आज बंद होणार, लिंक उघडून कार्डाची माहिती भरा. खोल्या भरलेल्या, आणि शनिवारी टीव्ही बंद पडला की पाहुणे डोकं खातात. बोट लिंकवर जाणारच होतं – तेवढ्यात दिसलं, पाठवणारा नंबर कुणाचा तरी साधा मोबाइल. मी लिंक सोडली आणि टीव्हीवरच खातं उघडून पाहिलं. मुदत मार्चपर्यंत होती. म्हणजे चोरच.

आमचा खोलीवाल्यांचा ग्रुप आहे. तिथे लिहिलंही – लिंक उघडू नका, खातं टीव्हीवरच तपासा. पण पाठवलं नाही. ग्रुपमध्ये सुनंदा होती ना!

मी ते पुसलं आणि एकेकाला वेगळं पाठवलं. अकरा घरांना. बारावं घर तिचं. घाईत राहिलं? छे. तिच्या नावापाशी मी थांबले, आणि पुढे गेले.

दुपारी कुंपणापलीकडून तिचा आवाज आला. लिंक उघडून तिनं कार्डाचा नंबर दिला होता, ओटीपीही दिला होता. नाताळच्या पाहुण्यांचा सगळा ॲडव्हान्स गेला. मी भाकऱ्या थापत होते. मला आनंद झाला – पोटभर झाला.

मग गाव बोलायला लागलं. सगळ्यांना इशारा मिळाला, हिनं तेवढा वाचला नाही. तिचा नवरा तिला म्हणाला, फोन माझ्याकडे दे, पाहुण्यांचं मी बघतो. तिन्ही खोल्या तिनं एकटीनं उभ्या केलेल्या, ती कशी देईल? आठवडाभर भांडली. मला इशाऱ्याचा मेसेज आलाच नाही, एवढं एकच म्हणत राहिली. खरंच होतं ते, आणि ते फक्त मला माहीत होतं.

शेवटी माझ्याकडे आली. फोनवर माझे मेसेज उघडून स्क्रीन वर-खाली करत म्हणाली, "तूच सांग गं. मला पाठवला व्हता का?"

डोळे सुजलेले होते तिचे. मला फाटकावरून परत वळणाऱ्या गाड्या आठवल्या. मी म्हटलं, "व्हय, पाठवला व्हता. तुझ्याच हातनं पुसला असंल."

तिनं फोन बंद केला. मग घरी जाऊन तो नवऱ्याच्या हातात दिला.