मागचे केस

त्या घरात केस रंगवायचे ते रविवारी, आणि रंगवायचे फक्त तिचे. पुढचे ती आरशात बघून करायची. मागचे नवऱ्याकडे, कारण माणसाला पाठीला डोळे नसतात. यंदा सासूच्या आजारपणात ते दोनतीन महिने राहूनच गेलं आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना बोटभर पांढरं उगवलं.

त्या दिवशी रविवार नव्हता, तरी ती कामावरून तणतणत आली आणि रंग कालवायला बसली. चष्म्याच्या दुकानात काउंटरवर तिची उमर गेली होती. जुन्या मालकांच्या मुलाने नुकताच कारभार हाती घेतला होता. आज तो साखर पेरत म्हणाला, "मावशी, उद्यापासून तुम्ही आत बसा. काचा पुसायच्या, डब्या भरायच्या. समोर जरा फ्रेश चेहरा हवा." बोलताना बघत होता तिच्या भांगाकडे. त्याचा पहिला चष्मा नाकावर टिकेना म्हणून तो भोकाड पसरून रडला होता, तेव्हा हिनेच तो बसवून दिला होता. कार्टं मेलं!

नवरा जुन्या टूथब्रशने मागे रंग लावत होता; पुढचे अजून व्हायचे होते. तो शाळेत गणित शिकवायचा आणि त्याचं डोकं कापसासारखं पांढरं होतं.

"तो तरी काय चुकीचं बोलला?" तो म्हणाला. "दुकान आहे. गिऱ्हाईक चेहरा बघून आत येतं."

"आणि तुमचं डोकं बघून पोरं वर्गातून पळतात का?"

"माझं वेगळं. माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत."

"मग माझे काय ट्यूबलाइटने झाले? तुमच्या आईच्या उशापायथ्याशी मी बसले होते!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परक्याने बोललेलं गिळता येतं, पण घरचा माणूस असा केसाने गळा कापतो तेव्हा काय करायचं? ती उठली, नळाखाली डोकं धरलं, रंग धुऊन टाकला आणि कात्री घेतली.

"अगं, वाळू तरी दे!"

केस कुरळे, ओले कधी कापायचे नाहीत, हा नियम तिचाच. रागात तो कुणाला आठवतो? काळं दिसेल ते तिने छाटलं. वाळल्यावर उरलेलं आक्रसून टाळूला चिकटलं. पुढे शुभ्र, मागे अर्धवट धरलेल्या रंगाचे तांबूस डाग. सकाळी आरशात बघून ती घाबरली, हे खरं. ओढणी डोक्यावर घेतली, काढली, घडी करून ठेवून दिली. मग दुकानात जाऊन ती काउंटरमागे आपल्या जागी बसली.

"मावशी! हे काय करून घेतलंत?" मुलगा ओरडला. "आत जा आधी. गिऱ्हाईक येईल."

गल्ल्यावर त्याचे वडील बसले होते. त्यांच्या डोक्यावर काळा केस औषधालाही नव्हता.

"जाते की," ती म्हणाली. "पांढऱ्या केसांचं माणूस समोर नको ना? मग आधी बाबांना उठव. ते उठले की मी उठलेच."

मुलगा बापाकडे बघू लागला. बाप पेनचं टोपण काढून परत लावत बसला. तेवढ्यात मोडकी फ्रेम घेऊन एक बाई दुकानात शिरली.

म्हातारा काही उठला नाही. मग तीही उठली नाही.