सलीमच्या कागदावरचा शब्द

आमची पोस्ट तेरा हजार फुटांवर होती. मी तिथला नर्सिंग असिस्टंट, हवालदार. डॉक्टर खाली, बटालियन हेडक्वार्टरला. वर औषधाची पेटी आणि मी. चाळीस जवानांत आपल्याकडचे दोघंच. मी गंगापूरचा आणि लान्स नायक सलीम पठाण फर्दापूरचा. त्याचे वडील अजिंठ्याच्या लेण्यांत गाईड होते. सलीम मला दादा म्हणायचा.

त्या दिवशी सकाळी नऊ वीसला रेशन आणणाऱ्या पार्टीवर दगड कोसळले. बाकीचे वाचले. सलीमला डाव्या बरगडीखाली एक दगड लागला. मी पोचलो तेव्हा तो उठून बसला होता. रक्त नाही, हाड मोडलेलं नाही. फक्त तळहाताएवढा निळा डाग. नाडी शहाण्णव.

मी रेडिओवर कळवलं, "वन कॅज्युअल्टी. इंज्युरी, लेफ्ट साइड. नो ब्लीडिंग. प्रायॉरिटी टू. ओव्हर."

"रॉजर. प्रायॉरिटी टू."

टू म्हणजे तातडीत दुसरा नंबर. हेलिकॉप्टर एकच होतं. शेजारच्या पोस्टवर एकाचं डोकं फुटलं होतं. ते तिकडं गेलं.

साडेदहाला सलीमला घाम फुटला. पोटाला हात लावला, तर फळीसारखं कडक. नाडी एकशे तीस. आत रक्तस्राव होत होता.

"प्रायॉरिटी वन. आय से अगेन, वन. ओव्हर."

"वेट. वेदर क्लोजिंग."

वेट. सलाईनच्या दोनच बाटल्या होत्या, दोन्ही लावल्या. अकराला ढग खाली उतरले. चौघांनी स्ट्रेचर उचललं, पाचवा मी, बाटली धरून. रस्ता तीन तास लांब होता. दर दहा मिनिटांनी मी रेडिओवर ओरडत होतो. दर वेळी तेच उत्तर.

"दादा, भायेर तर काहीच नाय," सलीम म्हणाला. "मग जीव का असा घाबरा व्हतोय?"

"पोचतोच आपण. बोलत राहा."

तो थोडा वेळ बोलला. एक पंचवीसला नाडी लागेना. आम्ही तरीही थांबलो नाही. खाली डॉक्टरांनी पांढरी चादर ओढली, तोवर मी त्याची छाती दाबत होतो.

निवृत्तीनंतर मी छत्रपती संभाजीनगरला राहायला आलो. फर्दापूरला जायचं धाडस व्हायला दोन वर्षं लागली. सलीमच्या वडिलांनी, चाचांनी, चहा दिला आणि सलीमच्या मृत्यूचा पलटणीकडून आलेला कागद पुढं ठेवला. एका शब्दाखाली पेन्सिलीची रेघ होती. इंज्युरी.

"याचा अर्थ काय लावता तुम्ही?"

"इजा, चाचा."

"इजा तर आमची अरबी. ईज़ा, म्हणजे तकलीफ. कानाला सारखी लागती, पण हा शब्द लॅटिनचा हाय. 'इन' म्हणजे नाही, 'यूस' म्हणजे हक्क, न्याय. मूळ अर्थ नाइन्साफी. अंगाच्या जखमेला हा शब्द नंतर लागला. फ्रेंच पाहुणे तर अजून अपमानाला 'अँज्यूर' म्हणतात. लेण्यांत माझ्याच तोंडानं मी लोकांना हे सांगायचो." त्यांनी रेघेवर बोट ठेवलं. "कुणी केली हो, ही नाइन्साफी?"

दगडानं, हवामानानं, एवढं म्हणून सुटता आलं असतं.

"प्रायॉरिटी टू मी दिली होती, चाचा. तेव्हा मी त्याच्या पोटाला हात लावला नव्हता. लावला असता तर कदाचित कळलं असतं."

चाचांनी कागदाची घडी घातली. आत सलीमची अम्मी भांडी घासत होती, तो आवाज थांबला.

"लई दुखलं का त्याला?" चाचांनी विचारलं.

"व्हय."

त्यांनी मान हलवली. माफ केलं, असं ते म्हणाले नाहीत. मीही माफी मागितली नाही. निघताना दारात एवढंच म्हणाले, "जे आता मला सांगितलं, ते लोकांना सांगत जा. त्याचं नाव घेऊन."

आता मी चितेगावच्या कारखान्यांत कामगारांना प्रथमोपचार शिकवतो. पहिल्या तासाला फळ्यावर नाव लिहितो. लान्स नायक सलीम पठाण, फर्दापूर. वय सव्वीस. मग सांगतो, रक्त दिसलं नाही तरी लगेच पोटाला हात लावा. मी लावला नव्हता.