मुद्दाम चुकणारे काका

आमच्या लालबागेतल्या घरमालक काकांइतकं चुकीचं बोलणारा माणूस अख्ख्या बुऱ्हाणपुरात दुसरा नसेल, आणि विशेष म्हणजे ते मुद्दाम चुकतात. बाकीची माणसं चुकू नये म्हणून जपून बोलतात. काका बरोबर बोलू नये म्हणून जपतात. सकाळी दूधवाल्याला मंगळवारी ‘आज गुरुवार ना?’ असं विचारून त्यांचा दिवस सुरू होतो आणि संध्याकाळी ओट्यावर बसून तापी काशीला कशी जाते हे येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावण्यात तो संपतो. बाहेरगावच्या पाहुण्यांना ते सांगतात की मुमताजला ताजमहाल पसंत पडला नाही, म्हणून ती रुसून इथे राहायला आली. एकदा तर जलेबीच्या दुकानात उभं राहून त्यांनी मोठ्या आवाजात म्हटलं की बुऱ्हाणपूरची म्हणतात ती मावा जलेबी मुळात इंदूरवाल्यांची. दुकानदार कढई सोडून बाहेर आला. आजोबांपासूनचा सगळा इतिहास त्याने हातवारे करून सांगितला, आणि तरीही काकांची मान हलत नाही हे पाहून पुराव्यादाखल गरम जलेबीचा एक कागद त्यांच्या हातात ठेवला. काकांनी ती खाल्ली आणि म्हणाले, “आता थोडं थोडं पटतंय.”

काका मूळचे भुसावळकडचे. कागदाच्या कारखान्यात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. त्यांच्या घरामागच्या खोलीत मी कॉलेजसाठी राहायला आले. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलेलं नाही. गावी, तुकईथडला, आमची केळी आणि कपाशी आहे, आणि मला बी.ए. होऊ द्यायचं हे बाबांनी मोठ्या मनाने ठरवलं होतं. मला मात्र बी.ए.च्या पुढे बी.एड. करून शिक्षिका व्हायचं होतं. हे बाबांना सांगायचं कसं, हे मला पहिल्या दिवसापासून कळत नव्हतं, कारण आमच्याकडे मोठ्यांना काही सांगायची पद्धतच नाही. मोठे सांगतात, लहान ऐकतात. ज्याने उत्तर दिलं त्याने तोंड चालवलं. मला सोडायला आले तेव्हा बाबांनी काकांना अभिमानाने सांगितलं, की पोरगी फार गुणी आहे, मान वर करून बोलत नाही. काकांनी माझ्याकडे वैद्य रोग्याकडे बघतो तसं बघितलं आणि म्हणाले, “राहू द्या भाऊ इथे. बघतो काय करता येतं ते.”

पहिले काही महिने माझ्यावर त्यांचा काहीच परिणाम झाला नाही. ते म्हणायचे सूर्य पश्चिमेला उगवतो, मी म्हणायची हो काका. ते म्हणायचे नागपूर ही आपल्या मध्यप्रदेशची राजधानी, मी म्हणायची हो काका. शेवटी एके दिवशी त्यांनी विचारलं, “तुमचं तुकईथड गुजरातमध्ये येतं ना?” मी खाली बघून हो काका म्हटलं. काकांनी कपाळावर हात मारला. “अगं बेटा, मागितलं नसताना स्वतःचं गाव देऊन टाकलंस तू मला.”

कॉलेजातही माझं हेच चाललं होतं. माझा विषय मानसशास्त्र. आमच्या मॅडमनी एकदा पूर्ण तासभर हिंदीतून सुंदर समजावलं, की मूल कसं शिकतं हे त्याच्या घरच्या रीतीभातींवरही ठरतं, आणि ज्या घरात गप्प बसणं म्हणजे चांगलं वागणं, तिथली मुलं वर्गात प्रश्न विचारत नाहीत. मग त्यांनी विचारलं, “किसी को कोई सवाल?” कोणीही हात वर केला नाही. मला तर सगळं इतकं पटलं होतं की मी मान आणखी खाली घातली. हेच उत्तर मी पेपरात पानं भरून लिहिलं आणि चांगले गुण मिळवले. पण तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी तोच प्रश्न विचारला, तेव्हा मी आदराने गप्प उभी राहिले. त्यांना तो आदर दिसला नाही. त्यांनी कागदावर काहीतरी छोटंसं लिहिलं आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

काकांना मी हे सांगितलं नव्हतं, पण काकींनी माझं तोंड बघून ओळखलं आणि त्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी काका ओट्यावर केळं सोलत बसले होते. मला ऐकू जाईल असं म्हणाले, की केळीची शेती फार सोपी, मूठभर बी फेकायचं, पाऊस पडला की घड काढायचे. सूर्य कुठेही उगवू दे, नागपूर कोणाचीही राजधानी होऊ दे, पण हे मला सहन झालं नाही. माझ्या तोंडून बारीक आवाजात निघालं, की केळीला बी नसतं काका, कंद लावतात, आता रोपंही मिळतात. काकांचे कान उत्तम आहेत, पण त्या दिवशी ते एकदम बहिरे झाले.

“काय म्हटलंस?”

“कंद लावतात.”

“मग माझं काय झालं?”

“तुमचं… थोडं चुकलं.”

“थोडं?”

“चुकलं काका.”

काकांनी ते केळं अर्धं करून मला दिलं. मला वाटतं, माझं खरं शिक्षण त्या अर्ध्या केळ्यापासून सुरू झालं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. आपल्याकडच्या मुलाला प्रश्न विचारला की ते घाबरतं, कारण त्याला वाटतं आता आपली परीक्षा आहे. पण त्याच्यासमोर कोणी चुकीचं बोललं की त्याला ते खुपतं, आणि मग भीतीपेक्षा ते दुखणं मोठं होतं. गल्लीतल्या पोरांना ते याच पद्धतीने पाढे शिकवत. स्वतः सातचा पाढा इतक्या आत्मविश्वासाने चुकवत की पोरं ओरडून ओरडून तो बरोबर करत. अर्थात याचे परिणाम घराघरात पोचले. एका मुलाने घरी जेवताना आजोबांना ‘तुमचं चुकलं’ म्हटलं. ते आजोबा काठी घेऊनच ओट्यावर आले. काकांनी हात जोडले, पोराच्या वतीने माफी मागितली आणि गंभीर तोंडाने म्हणाले, की बरोबर आहे दादा, आजोबांना चूक म्हणायचंच नसतं, आजोबा कधी चुकतच नाहीत. आजोबा प्रामाणिक माणूस. ते थोडा वेळ घुटमळले आणि म्हणाले, “असं कसं? चुकतो की माणूस.” मग स्वतःच काय बोललो हे लक्षात येऊन काठी आपटत निघून गेले.

पण सगळ्यांवर हे औषध चालत नसे. बाबा मला भेटायला येत तेव्हा काका त्यांच्यावरही प्रयोग करत. एकदा काका म्हणाले, शेवटची बस सहाला आहे, बसा निवांत. बस पाचला असते हे बाबांना पक्कं माहीत होतं, त्याच बसने ते नेहमी जात. तरी ते बसून राहिले. बस गेली आणि काकींनी त्यांच्यासाठी पोळ्या टाकल्या. तुम्हाला माहीत होतं तर बोलला का नाहीत, असं काकांनी विचारलं, तेव्हा बाबा लाजून म्हणाले, की तुम्ही वयानं मोठे, तुम्हाला चूक कसं म्हणायचं. मी दारात उभी राहून ऐकत होते. मी कोणावर गेले आहे ते मला त्या दिवशी समजलं.

एकट्या काकी त्यांना कधीच दुरुस्त करत नाहीत. त्या म्हणतात, एक नीट केलं की हे दुसरं काढतात, मला स्वयंपाक असतो.

तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला आणि बाबा मला न्यायला आले. पेढे घेऊन आले होते. मी वर्गात बोलू लागले होते, त्या वर्षीच्या तोंडी परीक्षेत तर सरांनाच मी दोन प्रश्न विचारले होते, पण बाबांना बी.एड.चं अजून सांगितलं नव्हतं. ओट्यावर चहा आला. बाबा समाधानाने म्हणाले, “झालं मंग शिक्षण. सामान बांध.” मी पायाच्या अंगठ्याकडे बघू लागले. काकांना माझं सगळं माहीत होतं. मला वाटलं आता ते माझ्या बाजूने बोलतील. काकांनी बशीत चहा ओतला आणि म्हणाले, “बरोबर आहे भाऊ तुमचं. मुलीच्या जातीला एवढं शिक्षण पुरे.”

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मुद्दाम चुकताना त्यांच्या मिशीचा एक कोपरा हलतो, ते मला एव्हाना ठाऊक झालं होतं. त्या दिवशी काहीच हललं नाही.

“नाही काका,” मी म्हटलं. “चूक आहे हे.”

आमच्या घरी आईला बाबांना काही सांगायचं असलं की ती ते म्हशीला सांगते, बाबा जवळ असताना. मला ती पद्धत तेव्हा आठवली असं नाही, पण मी काकांकडे तोंड करून बोलत राहिले. मला पुढे शिकायचं आहे, शिक्षिका व्हायचं आहे, म्हटलं. आमच्या गावच्या शाळेत पोरांना उत्तर येत असतं, पण ती उभी राहतात आणि खाली बघतात, आणि मास्तरांना वाटतं ती ढ आहेत. ती ढ नसतात हे मला माहीत आहे, कारण मी त्यांच्यातच होते. इतकं शिकून मी सामान बांधून गेले तर त्या पोरांना कोण सांगणार?

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग माझ्याकडे न बघता, काकांना म्हणाले, “पोरगी बरोबर सांगते, भाऊ. तुमचंच चुकलं.”

काका म्हणाले, “असेल, असेल.” आणि एका पेढ्याचे दोन तुकडे करून एक बाबांच्या हातावर ठेवला.

आता मी बी.एड.ला आहे, त्याच खोलीत राहते. परवा काकींबरोबर केळीचे वेफर करताना मी विचारलंच, की त्या दिवशी काका मुद्दामच चुकले ना? काकींनी किसणं थांबवलं नाही. म्हणाल्या, “तुझ्या वेळी मुद्दाम.” थोड्या वेळाने म्हणाल्या, की हेच वाक्य ते याच ओट्यावर त्यांच्या लेकीच्या, ताईच्या वेळी बोलले होते. तेव्हा त्यांना ते खरंच वाटत होतं. “ती खाली बघून उभी राहिली आणि आत गेली. फार गुणी पोरगी.”

ताई सुरतला असते. दर रविवारी तिचा फोन येतो आणि काका तो घेऊन आतल्या खोलीत जातात. मी मुद्दाम ऐकत नाही, पण भिंत पातळ आहे. पाऊस कसा आहे, मुलांची परीक्षा कधी, औषधं घेतेस ना, असं ते एकेक शब्द तोलून विचारतात. वार बरोबर सांगतात, वेळ बरोबर सांगतात. तिच्याशी बोलताना काका एकदाही चुकत नाहीत. पलीकडून बहुधा ‘हो बाबा’ एवढंच येत असावं, कारण मधे मधे ते बराच वेळ गप्प असतात, जणू ती आणखी काही बोलेल म्हणून थांबले आहेत.